शेऱ्याचा रकाना

एका ऐतिहासिक वास्तूच्या दाराशी स्टीलच्या खांबावर क्यूआर कोड लावलेला दिसला, म्हणून मोबाईल पुढे केला. बराच वेळ नुसतं चक्र फिरलं आणि मग पान सापडत नसल्याचं इंग्रजीत उमटलं. शेजारी शहाळी सोलत बसलेला गृहस्थ मान वर न करता म्हणाला, "ता चलना नाय हो. काय व्हया ता माका इचारा." पाच मिनिटांत त्याने दरवाजा, तट, विहीर सगळं सांगून टाकलं. त्यातलं निम्मं इतिहासाच्या कसोटीला उतरणार नाही, हे मला कळत होतं. पण विचारलेल्याचं उत्तर मिळालं. हा लेख त्या पाच मिनिटांपायी लिहितो आहे.

11 जुलै 2025 रोजी शिवकालीन बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचे दोन, सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग. तेव्हापासून 'डिजिटल' हा शब्द शिमग्यातल्या ढोलासारखा वाजतो आहे. डोळ्यांना चष्मा लावून तटावरून फिरवणं, होलोग्राम, ड्रोनची रीळं, प्रकाश-ध्वनीचे खेळ यांबद्दल एवढंच म्हणतो की पावसाळ्यात होड्या बंद असताना घरबसल्या तट दिसला तर वाईट नाही. पुढे.

पण वारसा जपणाऱ्या संस्थेची कार्यक्षमता मोजायची कशी? किती पानं स्कॅन झाली, किती जणांनी संकेतस्थळ पाहिलं, हे आकडे वार्षिक अहवालात शोभतात. माझी मोजपट्टी साधी आहे. कोणी प्रश्न घेऊन आला, तर उत्तर त्याच्या हाती पडायला किती वेळ लागतो?

सावंतवाडीचा गंजिफा घ्या. मरणपंथाला लागलेली ही कला शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात पुन्हा उभी केली आणि 2024 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. दशावतारी गंजिफाचे पत्ते 120. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, वजीर आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पत्ते. आजच्या पद्धतीने यातला प्रत्येक गोल पत्ता उत्तम टिपता येतो, इतका की रंगाचे पापुद्रेही मोजावेत. खाली ओळी येतात: वस्तूचं नाव, माध्यम, व्यास, अंदाजे काळ, नोंद क्रमांक. पण निम्म्या रंगांत दश्शी भारी असते आणि उरलेल्या निम्म्यांत एक्का, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हाती त्याने उतारी करायची आणि रात्री कृष्णाचा ज्याच्या हाती त्याने, हे कुठे? फार तर 'शेरा' म्हणून शेवटी एक रकाना असतो, आणि मी जिथे जिथे पाहिला तिथे तो रिकामा होता. खेळ गेला, पत्ते राहिले.

पिंगुळीच्या ठाकरांच्या चित्रकथीचं याहून वाईट झालं आहे. चित्रकथी म्हणजे पोथी. दोन चित्रं पाठीला पाठ चिकटवून पान होतं, पानामागून पान उलटत कथा गायली जाते. संग्रहालयाने पान चौकटीत बसवलं की मागचं चित्र भिंतीकडे तोंड करून उभं राहतं. त्याच चौकटीचा फोटो काढून संकेतस्थळावर चढवला की पोथीचं सुटं 'लोकचित्र' होतं. आधी कोणतं, नंतर कोणतं, हे गाणाऱ्याला ठाऊक. पिंगुळीच्याच परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात संग्रहालय मांडलं आणि 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या गोठ्यात पोथी, बाहुल्या आणि सांगणारा माणूस एका छपराखाली आहेत. कार्यक्षमतेचा पुरस्कार द्यायचा झाला तर माझं मत त्या गोठ्याला.

तंत्रज्ञानावर माझा राग आहे असं कोणी समजू नये. पुण्याच्या सी-डॅकने संग्रहालयांसाठी 'जतन' ही प्रणाली केली, ते काम मी हलकं मानत नाही. नोंदवही नीट संगणकावर आली, तर चोरीला गेलेली मूर्ती ओळखता येते. आणि कोकणात गेल्या पंधरावीस वर्षांत जे सर्वांत मोलाचं झालं, ते कातळशिल्पांच्या नोंदीचं काम, तंत्रज्ञानाच्या आधारानेच झालं. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सोबती रत्नागिरीकडचे सडे पालथे घालत गेले. आपल्या जिल्ह्यात सतीश लळीत यांनी हिवाळे, कुडोपी उजेडात आणलं. हातात जीपीएस, पण पहिला प्रश्न गुराख्याला. 2022 मध्ये कोकणातली नऊ स्थळं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यांत मालवण तालुक्यातलं कुडोपी आहे. जांभ्याच्या सड्यावर उद्या चिरेखाण लागली, तर ज्या आकृतीची नोंद आहे तिच्यासाठी निदान भांडता येतं. नोंद नसलेली आकृती चिऱ्यांबरोबर ट्रकमध्ये जाते. तिथे नोंद म्हणजे जीव आहे, आणि ती पायी चालणाऱ्या माणसांनी केली.

म्हणूनच 'माणसं कुठून आणायची?' हा सरकारी सूर मला मान्य नाही. 2023 मध्ये मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं, न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी शोधू लागली, आणि वर्षानुवर्षं कपाटात पडलेले मोडी कागद बघता बघता बाहेर आले. मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली, नोंदी स्कॅन होऊन जिल्ह्याजिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढल्या, लाखोंनी सापडल्या. सरकारला स्वतःलाच उत्तर हवं होतं, तेव्हा माणसंही मिळाली आणि पैसाही. मग इतिहासाच्या वाचकाने काय घोडं मारलं आहे? आता म्हणतील, मोडी यंत्रच वाचेल. आयआयटी रुरकीने 2025 मध्ये मोडीचं देवनागरी करणारं प्रारूप पुढे आणलं, चांगलंच झालं. पण ते शिकलं दोन हजारांवर चित्रांवरून, आणि ती आधी जाणकारांनी वाचून दिलेली होती. जाणकार निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरली नाही, तर यंत्राची चूक यंत्राला कोण दाखवणार?

आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं चाललं आहे. स्कॅनरची निविदा निघते, सूचिकाराचं पद रिकामं राहतं. तालुक्याच्या वाचनालयात तुटपुंज्या पगारावरचा कर्मचारी कोणतं पुस्तक कुठल्या कपाटात, ते न पाहता सांगतो. त्याच्या डोक्यातली यादी उतरवून घ्यायला कोणाच्याही प्रकल्पात तरतूद नसते. स्कॅनरवर जेवढा रुपया, तेवढाच नोंद करणाऱ्यावर ठेवा, असं मी प्रत्येक बैठकीत म्हणतो आणि प्रत्येक बैठकीत चहा येतो.

एवढं मोठं जमत नसेल तर छोट्यापासून धरा. गंजिफाच्या नोंदीत शेऱ्याच्या रकान्यात एवढंच टंका: 'दिवसा राम, रात्री कृष्ण'. चार शब्द आहेत. त्यांना निविदा लागत नाही.