पट्टी कोणाच्या डोळ्यांवर?

पाळीव कुत्र्याचा वासाचा खेळ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तीन डबे उलटे ठेवतात, एकाखाली बिस्किट असते. कुत्रा येतो, हुंगतो आणि बरोबर डब्याला नाक लावतो. मुले टाळ्या वाजवतात. मग शिक्षक सांगतात, "कुत्र्याचे नाक माणसाच्या नाकापेक्षा लाखपट तीक्ष्ण असते." वर्ग संपतो.

या खेळाबद्दल माझ्या दोन तक्रारी आहेत. कुत्र्याविरुद्ध एकही नाही. पहिली तक्रार त्या 'लाखपट'बद्दल, आणि दुसरी डबे मांडणाऱ्या माणसाबद्दल.

आधी लाखपट. नाकाची तीक्ष्णता मोजायची म्हणजे काय करायचे? एक पदार्थ घ्यायचा, तो हवेत कमी कमी करत न्यायचा आणि कोणत्या प्रमाणापर्यंत प्राण्याला तो ओळखता येतो ते पाहायचे. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे मोजमाप केले गेले. पदार्थ होता अमाइल ॲसिटेट, म्हणजे पिकल्या केळ्यासारखा वास येणारे रसायन. हवेच्या एक लाख कोटी भागांत या पदार्थाचे एक-दोन भाग असले, तरी कुत्र्यांनी ते ओळखले. थक्क करणारी गोष्ट आहे. पण कुत्री किती होती? दोन. आणि पदार्थ? एकच. दोन कुत्र्यांनी एका पदार्थाबाबत जे करून दाखवले, ते साऱ्या कुत्र्यांना साऱ्या वासांसाठी लागू करणे म्हणजे शितावरून भाताची परीक्षा नव्हे, शितावरून सगळ्या कोठाराची परीक्षा झाली.

पदार्थ बदलला की हे प्रमाणही बदलते. उपलब्ध मोजमापे शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा काही थोड्या पदार्थांच्या बाबतीत माणसाचे नाकच कुत्र्यापेक्षा सरस असल्याचे दिसले. वास ओळखणाऱ्या ग्राहकांची कार्यक्षम जनुके माणसात सुमारे चारशे आणि कुत्र्यात सुमारे आठशे आहेत. म्हणजे दुप्पट. लाखपट नव्हे. कुत्र्याचे खरे सामर्थ्य इतर गोष्टींतही आहे. वास घेणाऱ्या पेशी त्याच्याकडे कितीतरी जास्त असतात. हुंगताना तो सेकंदाला साधारण पाच वेळा हवा आत-बाहेर करतो. उच्छ्वास नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून मागे फेकला जातो, त्यामुळे समोरचा वास उधळून जात नाही. आत घेतलेल्या हवेचा एक भाग नाकाच्या मागच्या कप्प्यात जातो आणि तेथे वासाचे कण ओळखले जातात. 'लाखपट' हा शब्द यातले काहीच सांगत नाही. तो विचारणाऱ्याचे तोंड बंद करतो, एवढेच.

शिवाय तो माणसाच्या नाकावर अन्याय करतो. कॅलिफोर्नियातील बर्कली येथील संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गवतावर दहा मीटर लांबीचा चॉकलेटच्या वासाचा माग सोडला होता. ३२ जणांचे डोळे आणि कान झाकून, हातांत जाड मोजे घालून त्यांना रांगत माग काढायला सांगितले. दोन तृतीयांश लोकांना तो जमला, आणि सरावाने त्यांचा वेग वाढला. हा प्रयोग आपल्या शाळेच्या पटांगणात मुलांवर करता येतो. नाक काय करते ते मुलांना स्वतःच्या नाकाने कळेल, मग कुत्र्याबद्दलचा आदर आपोआप वाढेल.

आता दुसरी तक्रार. ती अधिक गंभीर आहे. तीन डब्यांच्या खेळात बिस्किट कोठे आहे हे मांडणाऱ्याला ठाऊक असते, आणि तो तेथेच उभा असतो. कुत्रा हजारो वर्षे माणसाच्या सोबतीने राहिला आहे. आपण कोठे पाहतो, केव्हा श्वास रोखतो, कोणत्या डब्याशी आपला हात सैल पडतो, हे तो सहज टिपतो. तेव्हा त्याने नाकाने बिस्किट शोधले की आपला चेहरा वाचला, हे या खेळातून कळतच नाही. शिवाय डबे तीनच असतील, तर डोळे मिटून निवडणाऱ्यालाही तीनातून एकदा यश मिळते.

हा दोष जुना आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा बेरजा-वजाबाक्या करून टापेने उत्तर देत असे. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट याने दाखवून दिले की, प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नसले किंवा तो घोड्याला दिसत नसला, की हान्सचे गणित कच्चे होते. मालक लबाड नव्हता. उत्तर जवळ आले की त्याचे डोके नकळत किंचित हलायचे, आणि घोडा थांबायचा.

घोड्याची गोष्ट कुत्र्याला लागू पडते का? २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी हेच तपासले. शोधकामासाठी शिकवलेले १८ कुत्रे आणि त्यांचे हस्तक यांच्याकडून खोल्यांची झडती घेतली. खोल्यांत ज्याचा शोध घ्यायचा तो वास कोठेही नव्हता. हस्तकांना मात्र तो असू शकेल असे सांगितले होते, आणि काही ठिकाणी खुणेचा कागद लावला होता. एकूण १४४ झडत्या झाल्या. 'सापडले' असा एकही इशारा न देता पार पडलेल्या झडत्या केवळ २१. आणि इशारे जास्त कोठे पडले? हस्तकाला कागद दिसत होता तेथे. कुत्र्याला मोह व्हावा म्हणून लपवलेल्या सॉसेजपाशी त्याहून कमी. संशय माणसाच्या मनात होता, तो कुत्र्याच्या नाकावाटे बाहेर आला.

येथे कोणी म्हणेल, शाळेतल्या खेळावर एवढी टीका कशाला? कारण हाच खेळ पटांगणाबाहेरही खेळला जातो, आणि तेथे डब्यांच्या जागी माणसे उभी असतात. गावात चोरी किंवा खून झाला की श्वानपथक येते. कुत्रा एखाद्या दारापाशी थांबला, की त्या घराकडे सारा गाव वळून पाहतो. १९६९ साली महाराष्ट्रातून आलेल्या एका फौजदारी अपिलात सर्वोच्च न्यायालयाने अशा पुराव्यावर घेतले जाणारे आक्षेप नोंदवले. कुत्र्याला शपथ देता येत नाही, त्यामुळे त्याची साक्ष हस्तकाच्या तोंडूनच ऐकावी लागते. शिवाय माणसाचे जीवित आणि स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर अवलंबून असावे का, हा प्रश्न उरतोच. त्या खटल्यात न्यायालयाने हा प्रश्न खुला ठेवला आणि इतर पुराव्यावर निर्णय दिला. आंध्र प्रदेशातील एका खटल्यात २००१ साली न्यायालय आणखी स्पष्ट बोलले. तपासासाठी कुत्र्याची मदत जरूर घ्यावी, पण दोष ठरवताना त्यावर फारसे विसंबू नये, असा त्याचा आशय होता.

मग पोलिसांचे कुत्रे निरुपयोगी आहेत का? मुळीच नाही. १९९३ च्या मुंबईतील बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या झंजीर या लॅब्रॅडोरने स्फोटकांचे मोठे साठे शोधून दिले. त्याच्या नावावर ३,३२९ किलो आरडीएक्स सांगितले जाते. पण फरक पाहा. झंजीर एखाद्या पेटीपाशी बसला की ती पेटी उघडून पाहता येत होती. स्फोटक आत आहे किंवा नाही, हे कुत्र्याच्या शब्दावाचून ठरत होते. माणसाचा डबा असा उघडता येत नाही. कुत्र्याचे उत्तर म्हणजे पुढे कोठे पाहावे याचा इशारा. मुलांनी या खेळातून नेमके हेच शिकायला हवे, आणि नेहमीच्या मांडणीत नेमके हेच निसटते.

तर खेळ कसा मांडावा? भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातले आंधळगाव कोशाच्या कापडासाठी ओळखले जाते. तेथील शाळेत हा खेळ करायचा ठरला, तर पहिल्यांदा कोशाचा धागाच सुचेल. पण विचार करा. विणकराच्या घरातून येणाऱ्या मुलाच्या हातांना, कपड्यांना कोशाचा वास असणारच. ज्या डब्याला तो हात लावेल, त्या डब्याला तो वास चिकटेल. म्हणून शोधायला लवंग घ्यावी. पाश्चात्त्य देशांत २००६ पासून रूढ झालेल्या पाळीव कुत्र्यांच्या वास-शोध स्पर्धांतही लवंगेच्या तेलाचा वास वापरतात. झाकणाला भोके पाडलेले एकसारखे पाच डबे घ्या. पाचांत कोशाचा धागा ठेवा, एकातच लवंग टाका, तीही चिमट्याने. कोशाचा वास सगळीकडे सारखा असला की तो वाट दाखवू शकत नाही.

आधी काही दिवस लवंग हुंगली की पोळीचा तुकडा, असे कुत्र्याला शिकवावे. मग परीक्षा. एका मुलाने खोलीत एकट्याने चिठ्ठी काढून डब्यांचा क्रम ठरवावा, तो कागदावर लिहून घडी घालावी आणि दुसऱ्या दाराने निघून जावे. कुत्रा आणणाऱ्याला आणि पाहणाऱ्यांना क्रम ठाऊक नसावा. कुत्र्याची निवड फळ्यावर लिहिल्यानंतरच घडी उघडावी. असे दहा वेळा करावे, आणि मधूनमधून लवंग कोठेच न ठेवता आणखी काही फेऱ्या घ्याव्यात. पाच डब्यांत नशिबाने दहापैकी दोनदा यश येईल. सहा किंवा अधिक वेळा नशिबाने जमण्याची शक्यता हजारात साधारण सहा आहे. हे गणित आठवी-नववीच्या मुलांना नाण्यांनी आणि चिठ्ठ्यांनी करून पाहता येईल. आणि रिकाम्या फेऱ्यांत कुत्रा कोठेही न थांबता परत आला, तर त्या उत्तराला सर्वांत मोठी टाळी द्यावी.

काही पथ्ये पाळावीत. कुत्रा घरचा, ओळखीचा आणि रेबीजची लस दिलेला असावा. रस्त्यावरच्या कुत्र्यांवर प्रयोग नको. बक्षीस म्हणून चॉकलेट, कांदा, द्राक्षे कधीही देऊ नयेत, ती कुत्र्याला विषारी असतात. खेळ सकाळी घ्यावा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की कुत्रा तोंडाने धापा टाकून अंग थंड करतो, आणि धापा टाकताना त्याला नीट हुंगता येत नाही. अशा वेळी तो चुकला तर दोष उन्हाचा.

आंधळ्या कोशिंबिरीत ज्याच्यावर राज्य येते, त्याच्या डोळ्यांवर पट्टी असते. वासाच्या या खेळात ती पट्टी कुत्र्याला बांधायचे कारण नाही. ती आपल्याला, उत्तर ठाऊक असणाऱ्यांना, बांधायची आहे. कुत्रा पाचपैकी कोणता डबा निवडतो याची मुलांबरोबर शिक्षकालाही खरोखर उत्सुकता असेल, तरच वर्गात प्रयोग झाला असे म्हणता येईल.