वंशावळीतील गाळलेल्या जागा : झेबाल्टच्या ‘आम्ब्रोस आडेलवार्ट’ या कथेचे चिकित्सक वाचन

डब्ल्यू. जी. झेबाल्ट (१९४४-२००१) या जर्मन लेखकाचा ‘डी आउसगेवान्डर्टन’ हा चार दीर्घकथांचा ग्रंथ १९९२ साली प्रसिद्ध झाला आणि १९९६ मध्ये मायकेल हल्स यांनी केलेल्या ‘द एमिग्रंट्स’ या इंग्रजी अनुवादामुळे तो जगभर पोहोचला. आपल्याकडील विद्यापीठांतही तो मुख्यतः ‘स्मृती’ आणि ‘छायाचित्र’ या दोन संकल्पनांच्या अनुषंगाने वाचला जातो. प्रस्तुत लेखात या ग्रंथातील तिसऱ्या कथेकडे, म्हणजे ‘आम्ब्रोस आडेलवार्ट’ या कथेकडे, थोड्या वेगळ्या बाजूने पाहावयाचे आहे. अमेरिकेत गेलेल्या एका जर्मन कुटुंबाच्या पूर्वजशोधाची ही कथा आहे. पूर्वजशोध ज्या कागदांवर उभा राहतो त्या कागदांची विश्वासार्हता किती, हा प्रश्न तिने उपस्थित केला आहे. आणि स्वतः लेखकानेच एक कागद बनावट तयार करून तो अधिक अवघड करून ठेवला आहे.

प्रथम शीर्षकाविषयी. मूळ जर्मन शब्द भूतकालवाचक धातुसाधित आहे. ‘देशांतर करणारे’ असा त्याचा अर्थ नसून ‘देशांतर करून गेलेले’ असा आहे. जाण्याची क्रिया पूर्ण झालेली आहे आणि मागे राहिलेल्या माणसाच्या दृष्टीने ती पाहिलेली आहे. इंग्रजी शीर्षकात ही छटा उरत नाही. मराठीत ‘परागंदा’ हा शब्द जवळचा वाटतो. परंतु त्यात आपत्तीचा जो ध्वनी आहे तो या चारही कथांना सारखा लागू पडत नाही, हे पुढे दिसेल.

कथेचा निवेदक बव्हेरियाच्या आल्गॉय भागातील ‘डब्ल्यू.’ नावाच्या गावचा आहे. झेबाल्टचे जन्मगाव वेर्टाख, हे उघड आहे. १९५१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील नातेवाईक गावी आले असता निवेदकाने आपल्या आईच्या नात्यातील या आजोबांना एकदाच पाहिले होते. पुढे अनेक वर्षांनी छायाचित्रांचा एक अल्बम हाती लागतो आणि १९८१ च्या जानेवारीत तो न्यू जर्सीला जातो. तेथे फिनीमावशी आणि कासिमीरमामा आपापल्या परीने आम्ब्रोसची हकिकत सांगतात. लहान वयात घर सोडून माँत्रोच्या हॉटेलात लागलेला हा मुलगा पुढे लंडनला जातो, जपानला जातो आणि अखेर न्यूयॉर्कजवळच्या सॉलोमन या धनाढ्य ज्यू कुटुंबात नोकरीला राहतो. त्या घरच्या कॉस्मो नावाच्या मुलाचा तो सेवक आणि सोबती होतो. दोघे १९१३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल व जेरुसलेमपर्यंत प्रवास करतात. कॉस्मो पुढे वेडाने मरतो. आयुष्याच्या शेवटी आम्ब्रोस इथाका येथील त्याच मनोरुग्णालयात आपण होऊन दाखल होतो आणि विजेचे झटके निमूटपणे सोसून १९५३ मध्ये मरण पावतो. जाताना मावशीसाठी त्याने भेटपत्रावर दोन-तीन शब्द लिहून ठेवलेले असतात : आपण इथाकाला गेलो आहोत. या पत्राचे चित्र पुस्तकात छापलेले आहे. ओडिसियसचे घर ज्या नावाच्या बेटावर होते त्याच नावाच्या गावी हा घर नसलेला मनुष्य मरावयास जातो, ही गोष्ट झेबाल्ट बोलून दाखवीत नाही, हे त्याचे औचित्य.

आता कागदांकडे वळू. जर्मनीतून अमेरिकेस गेलेल्या कुटुंबाचा माग काढणाऱ्यास कोणती साधने मिळतात? १८७१ पूर्वी ‘जर्मनी’ नावाचे एकसंध राष्ट्रच नसल्याने अमेरिकी जनगणनेच्या नोंदींत जन्मस्थान म्हणून कोठे प्रशिया, कोठे बव्हेरिया, कोठे बाडेन असे आढळते. गावाचे नाव क्वचितच. जन्म, विवाह व मृत्यू यांची शासकीय नोंद संपूर्ण जर्मन साम्राज्यात १ जानेवारी १८७६ पासून सुरू झाली. त्यापूर्वीचा सारा भार चर्चच्या नोंदवह्यांवर, आणि त्या ‘कुरेन्ट’ या जुन्या वळणदार लिपीत. मोडी न येणाऱ्या अभ्यासकापुढे पेशवे दप्तर जसे मुके राहते, तसेच हे. वेस्टफालियात घरजावई म्हणून गेलेला पुरुष शेतवाडीचेच नाव लावीत असे, त्यामुळे बाप आणि मुलगा यांची आडनावे जुळत नाहीत. पुढे समुद्रापलीकडे म्युलरचा मिलर आणि श्मिटचा स्मिथ झाला.

एलिस बेटावरील कारकुनांनी आमच्या आजोबांचे नाव बदलले, असे अमेरिकेतील असंख्य कुटुंबांत सांगितले जाते. वस्तुतः तेथील अधिकारी जहाजावरून आलेल्या यादीवरच खुणा करीत. नव्याने नाव लिहून घेण्याचे काम त्यांचे नव्हते. ती यादी प्रवासाच्या प्रारंभीच, बहुधा युरोपच्या बंदरात, जहाज कंपनीच्या माणसांनी तयार केलेली असे. नाव बदलले असेल तर ते पुढे, शेजारीपाजारी आणि नोकरीच्या ठिकाणी, बहुतेकदा त्या माणसाने स्वतःच बदलले. तथापि घरातली दंतकथा कारकुनावर दोष ठेवते. आपण स्वतः आपले नाव टाकले, ही कबुली कुटुंबाला जड जात असावी.

शिवाय कागदच टिकले नाहीत. हाम्बुर्ग बंदराच्या १८५० ते १९३४ या काळातील प्रवासी याद्या मोठ्या प्रमाणावर शिल्लक आहेत. मात्र दक्षिण जर्मनीतील असंख्य माणसे ज्या ब्रेमेनमार्गे गेली तेथील एकोणिसाव्या शतकातील याद्या कचेरीनेच जागा अपुरी पडते म्हणून नष्ट केल्या आणि नंतरच्याही बऱ्याचशा दुसऱ्या महायुद्धात गेल्या. जून १८९७ मध्ये एलिस बेटावरील लाकडी इमारत जळाली, तिच्यासोबत तेथे ठेवलेली जुनी आगमन-दप्तरे जळाली. १८९० ची अमेरिकी जनगणना १९२१ मधील वॉशिंग्टनच्या आगीत सापडून जवळजवळ नाहीशी झाली. या पार्श्वभूमीवर झेबाल्टच्या कथेतील एक तपशील वाचावा. १९८४ मध्ये निवेदक इथाकाला जातो. मनोरुग्णालय बंद पडलेले आहे आणि तेथे मधमाश्या पाळून राहणारे वृद्ध डॉक्टर अब्राम्स्की त्याला सांगतात की रुग्णांची कागदपत्रे एव्हाना उंदरांनी खाल्ली असतील. समीक्षक या प्रसंगात ऱ्हासाचे प्रतीक पाहतात. माझ्या मते तो प्रतीकापेक्षा साधा आहे. दप्तराच्या बाबतीत बहुतेक वेळा हेच घडते.

परंतु समजा, कागद टिकले असते. आम्ब्रोसविषयी त्यांनी काय सांगितले असते? नाव, वय, व्यवसाय, शेवटचा मुक्काम, अमेरिकेत कोणाकडे जाणार. वंशावळ हा प्रकार मुळात लग्न करून अपत्ये मागे ठेवणाऱ्यांसाठी आहे. कासिमीरमामा एका वाक्यात सूचित करतो की आम्ब्रोसचा ओढा स्त्रियांकडे नव्हता. नातेवाइकांना ते दिसत होते आणि कोणी तसे म्हणत नव्हते. कॉस्मोशी असलेले त्याचे नाते हेच त्याच्या आयुष्यातील एकमेव नाते. आणि कुठल्याही नोंदवहीत त्यासाठी रकाना नाही. आपल्याकडे ‘निर्वंश होवो’ ही शिवी आहे, म्हणजे वंशवृक्षाबाहेरचे आयुष्य आपल्या भाषेने शापाच्या रूपातच ओळखले आहे. आमच्याकडील कुलवृत्तान्तांतही अविवाहित काकांच्या नावापुढे एखादी तारीख असते आणि पुढे कोरी जागा. झेबाल्टने सारी कथा त्या कोऱ्या जागेत बसविली आहे. पूर्वजशोधाच्या साहित्यात हे मला त्याचे सर्वांत मोठे योगदान वाटते.

येथे मुख्य आक्षेपाकडे येणे भाग आहे. कथेच्या उत्तरार्धात आम्ब्रोसची १९१३ सालची रोजनिशी येते. तिच्या पानांची छायाचित्रे छापलेली आहेत. बारीक, भरगच्च अक्षर दिसते. वाचक स्वाभाविकपणे हा अस्सल पुरावा समजतो. पदव्युत्तर वर्गात हा पाठ घेताना दरवर्षी कोणीतरी विचारतेच, “सर, ही वही खरी आहे ना?” उत्तर नकारार्थी आहे. कॅरोल अँजिए यांनी घेतलेल्या मुलाखतीत झेबाल्टने मान्य केले की ती पाने त्यानेच लिहिली. वर्गातील चेहरे त्यानंतर जे होतात त्यावरून असे वाटते की छायाचित्रावरील विश्वास हा सिद्धान्त वाचून जाणारा विश्वास नव्हे.

पूर्वजशोधाच्या क्षेत्रात हा दोष क्षम्य नाही. अॅलेक्स हेली यांच्या ‘रूट्स’ (१९७६) चे उदाहरण आपल्या वाचकांना परिचित आहे. गॅरी मिल्स आणि एलिझाबेथ शोन मिल्स यांनी १९८१ मध्ये व्हर्जिनियातील मूळ कागद तपासून दाखविले की ज्या टोबीला हेली १७६७ साली आलेल्या जहाजावरचा कुंटा किंटे समजत होते, तो त्या जहाजापूर्वीच तेथील नोंदीत हजर होता. हेलींचा दावा इतिहासाचा होता, म्हणून तो इतिहासाच्या कसोटीवर पडला. झेबाल्टने आपल्या ग्रंथाला ‘दीर्घकथा’ म्हटले आहे. एवढ्याने तो सुटतो काय?

आम्ब्रोसच्या कथेपुरता तो सुटतो, असे माझे मत आहे. कारण या कथेने वाचकाला आधीच सावध केलेले आहे. फिनीमावशी सांगते की आम्ब्रोसच्या शेवटच्या काळातील गोष्टी इतक्या अद्भुत असत की तिला कोर्साकॉफच्या विकाराची शंका आली. त्या विकारात हरवलेल्या आठवणींच्या जागी कल्पित आठवणी येतात. म्हणजे रोजनिशी समोर येण्यापूर्वीच तिच्या लेखकाच्या स्मृतीविषयी शंका नोंदविली गेली आहे. चौथ्या कथेत तर वुर्त्सबुर्ग येथील १९३३ च्या ग्रंथदहनाचे वृत्तपत्रीय छायाचित्र बनावट असल्याचे पात्रच सांगते आणि ते छायाचित्र समोर छापलेले असते. दहन खरे, छायाचित्र खोटे. बनावट कागदाची चर्चा लेखकाने अशी ग्रंथातच उघड्यावर मांडली आहे.

मात्र हाच न्याय संपूर्ण ग्रंथाला लावता येत नाही, आणि या ठिकाणी झेबाल्टच्या चाहत्यांशी माझा मतभेद आहे. अँजिए यांच्या ‘स्पीक, सायलेन्स’ (२०२१) या चरित्रातून स्पष्ट झाले की पहिल्या कथेतील डॉ. सेल्विन ज्या व्यक्तीवर आधारलेले आहेत ती व्यक्ती ज्यू नव्हती. लेखकाने मुलाखतीत मात्र तसे सांगितले होते. चौथ्या कथेतील चित्रकार फ्रँक आउअरबाख यांच्यावर बेतल्याचे ओळखू येत असल्याने त्यांच्या हरकतीनंतर इंग्रजी आवृत्तीत पात्राचे ‘आउराख’ हे नाव बदलून ‘फर्बर’ करावे लागले. त्याच कथेतील आईच्या आठवणींना दुसऱ्याच कुटुंबातील एका स्त्रीच्या अप्रकाशित आठवणींचा आधार आहे आणि ग्रंथात त्याचा उल्लेख नाही. आम्ब्रोसची वही बनविताना झेबाल्ट स्वतःच्या घरातील मौन भरून काढीत होता. इतरत्र तो दुसऱ्यांच्या घरातील कागद घेत होता, किंवा एखाद्याला न विचारता नवे पूर्वज बहाल करीत होता.

या कृत्याचे गांभीर्य जर्मन संदर्भातच कळते. ७ एप्रिल १९३३ च्या कायद्याने शासकीय नोकरीसाठी ‘आर्य’ वंशाचा पुरावा आवश्यक झाला आणि चर्चच्या जुन्या नोंदवह्या धुंडाळणे हे राष्ट्रीय काम बनले. आजी-आजोबांपैकी एक जरी ज्यू निघाला तरी पुरे होते. दुसऱ्या कथेतील शिक्षक पाउल बेरायटर याची नोकरी अशाच एका आजोबामुळे गेली. वर्षानुवर्षे शांतपणे पडून असलेली एक ओळ त्याच्या आयुष्यावर उलटली. ज्या समाजात कोणाचे पूर्वज कोण हे ठरविण्याचा परिणाम असा झाला, त्या समाजातील लेखकाने एका अ-ज्यू माणसाला कल्पनेने ज्यू पूर्वज द्यावेत, यामागील सहानुभूती प्रामाणिक असेल. परंतु ती निरुपद्रवी नाही. संहाराच्या स्मृतीवर शंका घेणाऱ्यांच्या हाती त्यामुळे आयते कोलीत जाते.

आणखी एक निरीक्षण. सेल्विन, बेरायटर आणि फर्बर यांच्या कथा ज्यू वंशाशी निगडित आहेत. आडेलवार्ट कुटुंब तसे नाही. फिनी, तिची बहीण थेरेस आणि कासिमीर १९२० च्या दशकाच्या अखेरीस गेले ते बेकारीमुळे. त्यांना कोणी हाकलले नव्हते. म्हणून ‘परागंदा’ हा शब्द येथे अपुरा ठरतो. झेबाल्टने आपल्या पोटार्थी नातलगांना आणि निर्वासितांना एकाच मुखपृष्ठाखाली आणले, यावर दुःखाची सरमिसळ केल्याचा आरोप करता येतो. कासिमीरच्या कहाणीत मात्र या आरोपाला एक उत्तर दडलेले आहे. तो जस्त-तांब्याचे पत्रे बसविणारा कारागीर. देश सोडण्यापूर्वीचे त्याचे मोठे काम आउग्सबुर्ग येथील सिनेगॉगच्या छतावर नवा तांब्याचा पत्रा चढविण्याचे होते. पहिल्या महायुद्धात जुना पत्रा ज्यू समाजाने युद्धकार्यास देऊन टाकला होता, असे तो सांगतो. त्या छतावर उभ्या असलेल्या कामगारांचे छायाचित्र पुस्तकात आहे. १९१७ मध्ये खुले झालेले हे प्रार्थनागृह नोव्हेंबर १९३८ मध्ये पेटविण्यात आले आणि शेजारच्या वस्तीला धोका नको म्हणून आग विझविण्यात आली. कासिमीर तोपर्यंत न्यूयॉर्कच्या उंच इमारतींवर काम करीत होता. कथेत १९३८ चा उल्लेख या संदर्भात येत नाही. छायाचित्रात छत नवे आहे, माणसे तरुण आहेत आणि सगळी कॅमेऱ्याकडे पाहत आहेत.