मुक्काम कोणाचा, वेठ कोणाची?

आर्टिस्ट रेसिडेन्सी म्हणजे कलावंताचा मुक्काम. एखादी संस्था देशोदेशींच्या चित्रकार-शिल्पकारांना बोलावते, राहायला खोली, काम करायला जागा आणि हातखर्च देते, आणि महिना-दोन महिने त्यांना त्यांच्या कामावर सोडून देते. रोज काय केले ह्याचा हिशेब कोणी मागत नाही. कल्पना चांगली आहे, त्याबद्दल माझा वाद नाही. माझा प्रश्न 'मुक्काम' ह्या शब्दाशी आहे. आपल्या गावगाड्यात साहेबाचा मुक्काम पडला की सरपण आणणारा, घोड्याला वैरण घालणारा, ओझे पुढच्या गावापर्यंत नेणारा माणूस महारवाड्यातून येई. मुक्कामाची सगळी वेठ त्याची. त्याचा स्वतःचा मुक्काम मात्र जन्माआधीच गावकुसाबाहेर ठरलेला. अशा समाजातून आलेल्या माणसाने रेसिडेन्सीकडे पाहताना कोण कुठल्या देशाहून आला एवढेच पाहून भागत नाही.

ही परंपरा आपल्या मुलखाला अगदीच परकी नाही. सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात औंध आहे. तेथील राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. 1938 साली त्यांनी डोंगरावर वस्तुसंग्रहालय उभे केले. इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचे आई आणि मुलाचे दगडी शिल्प त्यात आहे. ह्या मूर यांच्या हाताखाली 1951 ते 1953 ह्या काळात अँथनी कॅरो नावाचा तरुण मदतनीस होता. पुढे ह्याच कॅरोने रॉबर्ट लोडर यांच्यासह 1982 साली न्यूयॉर्क राज्यात 'ट्रँगल' कार्यशाळा सुरू केली. अनेक देशांच्या कलावंतांनी काही दिवस एकत्र राहावे, एकमेकांसमोर काम करावे, ही तिची रीत. तिच्या जाळ्यातूनच 1997 साली मोदीनगरला 'खोज'ची पहिली कार्यशाळा झाली आणि आंतरराष्ट्रीय मुक्कामाची ही रीत आपल्या देशात रुजली. मी विद्यार्थ्यांना औंधला नेले तेव्हा हा सगळा धागा उत्साहाने सांगितला. वडार समाजातला एक विद्यार्थी म्हणाला, "सर, दगड घडवणाऱ्याचं नाव कळलं. डोंगरावर दगड वाहणाऱ्याचं?" कलेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी हा प्रश्न आजवर आपला मानलेला नाही.

आता सांगली जिल्ह्यातला वाळवा तालुका पाहा. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी वतन आणि जात मागे टाकून तमाशात गेले, महार समाजातील पवळेबरोबर फडावर उभे राहिले आणि पठ्ठे बापूराव झाले. कलेसाठी दुसऱ्याच्या वस्तीत जाऊन राहणे हेच जर रेसिडेन्सीचे मर्म असेल, तर हा मुक्काम खरा म्हटला पाहिजे. त्याला परतीचे तिकीट नव्हते. पण म्हणून तो निर्दोष ठरत नाही. 1927 च्या महाड सत्याग्रहासाठी बापूरावांनी तमाशाचा पैसा देऊ केला, तेव्हा बाबासाहेबांनी तो नाकारला. स्त्रीला नाचवून मिळवलेला तो पैसा होता. आलेला कलावंत कितीही मनापासून राहिला तरी त्याची कला कोणाच्या देहाच्या कष्टावर उभी आहे, हे विचारण्याचा हक्क त्या नकाराने आपल्याला दिला.

त्याच तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. शाळा जेमतेम दीड दिवसाची. मुंबई गाठली ती पायी. घाटकोपरच्या चिरागनगरातली झोपडी हीच त्यांची लिहिण्याची जागा. 1961 साली ते रशियाला जाऊन आले, पण 'फकिरा' त्याआधीच, 1959 साली, प्रसिद्ध झाली होती. ह्यावरून कोणी म्हणेल की प्रतिभेला खोली लागत नाही. हा युक्तिवाद खोलीत बसणारेच करतात. अण्णा भाऊंनी झोपडीत लिहिले हे त्यांचे मोठेपण. त्यांना झोपडीतच लिहावे लागले ही समाजाची लाज. दोन्ही एकत्र कालवून आपण त्या लाजेचा गौरव करीत असतो.

आता माझ्या स्वतःच्या चुकीबद्दल. सांगलीकडचा, मातंग वस्तीतला माझा एक विद्यार्थी कोळशाने चित्रे काढतो. 2019 च्या महापुरानंतर भिंतींवर उरलेली पाण्याची रेघ तो काढीत होता. माडीच्या भिंतीवर आणि वस्तीतल्या पत्र्यावर एकाच उंचीची रेघ. चित्रात दुसरे काही नाही. एका परदेशी रेसिडेन्सीचा इंग्रजी अर्ज मी त्याला भरून दिला. मी घरातला पहिला पदवीधर. शिष्यवृत्तीचे अर्ज भरीत शिकलो. कोणत्या रकान्यात काय लिहिले की काम होते, हे मला पाठ आहे. मी त्याची वस्ती लिहिली, बापाचे दोर वळणे लिहिले, पाणवठ्यावरचा अपमान लिहिला. सगळे खरे होते. मराठीत अर्थ सांगितल्यावर तो म्हणाला, "सर, ह्यात माझी रेघ कुठं आहे?" अर्ज त्याने पाठवला नाही. शिवाय तो फलक छापणाऱ्या दुकानात कामाला. दोन महिने गेला तर घरचा पगार कोण देणार, ह्याला त्या अर्जात रकानाच नव्हता.

वेदना हा आपल्या साहित्याचा प्राण आहे, मग ती लिहिली तर बिघडले कोठे, असे विचारले जाईल. बिघडले ते असे की ती त्याने निवडलेली नव्हती. पुण्याच्या राज्यश्री गुडी 2021 ते 2023 ह्या काळात ॲमस्टरडॅमच्या रायक्सअकादमीत राहून काम करीत होत्या. दलित आत्मकथनांतील अन्नाच्या नोंदींतून त्यांनी पाककृती रचल्या आहेत. तेथे जात येते ती कलावंताने स्वतः हाताळलेला आशय म्हणून. माझ्या विद्यार्थ्याच्या अर्जात ती प्रवेशाचा कर म्हणून भरली गेली, आणि भरणारा मी होतो. इतरांना हिशेबाविना वेळ मिळतो आणि आमच्याकडून तो वेदनेच्या हिशेबाने मागितला जातो. मग हा मुक्कामही नवी वेठच ठरते.

म्हणून आपल्या मागण्या साध्या असाव्यात. अर्ज मराठीतून घेतला जावा. कलावंताच्या घरची बुडणारी मजुरी हातखर्चात धरली जावी. बाहेरून आलेला कलावंत आपल्या वस्तीत मुक्कामाला राहिला, तर हलगीवाल्याचे आणि पाथरवटाचे नाव आणि मोबदला त्याच्याइतकाच स्पष्ट लिहिला जावा. आणि आमच्या मुलाला नुसते पाणी काढायचे असेल, तर पाणीच काढू द्यावे.

तो अर्ज मला त्याच्याबरोबर बसून पुन्हा लिहायचा आहे. बोलेल तो, लिहीन मी. वस्तीचे काय लिहायचे ते तो ठरवील.