आलाओलची पोथी कोणाची?

पोथी म्हटलं की आपल्याला देवघर आठवतं. फडक्यात बांधलेली, सोवळ्यात वाचायची. बंगालीत याच शब्दाचं रूप 'पुथी', आणि तिथे मुसलमान कवींची कथाकाव्यंही पुथीच. आज त्यांतला मोठा कवी घेऊ : सतराव्या शतकातला आलाओल.

त्याची हकीकत त्यानेच काव्यात सांगितली आहे. वडिलांबरोबर नावेतून जाताना पोर्तुगीज चाच्यांनी गाठलं. वडील मारले गेले, हा आराकानला पोचला आणि घोडेस्वार झाला. तिथला राजा बौद्ध. पण मागन ठाकूर या मुसलमान अमात्याच्या सांगण्यावरून याने 'पद्मावती' रचली. मूळ काव्य अवधीतलं, जायसीचं.

म्हणून काहीजण त्याला नुसता अनुवादक म्हणतात. मला ते पटत नाही. जायसीची सूफी ओढ इथे पातळ होते, हे खरं. आलाओल मधेच थांबतो. छंद, नायिकाभेद, संगीत यांची जाण दाखवतो. एकट्याने वाचताना कथा रेंगाळते, कधी कंटाळाही येतो. पण हे काव्य सभेत ऐकायचं होतं. समोर जाणकार बसलेले. तिथे असं थांबणं म्हणजे श्रोत्यांचा मान राखणं. जायसीची कथा घेऊन त्याने दरबाराचं काव्य केलं. याला मी नवी रचना म्हणतो.

पुढे हे काव्य चट्टग्रामच्या खेड्यापाड्यांत टिकलं, नकला करणाऱ्यांच्या हातून. त्या भागात अरबी लिपीत लिहिलेल्या बंगाली पोथ्याही सापडल्या. म्हणजे लिपी पाहून भाषा ठरवू नका, आणि भाषा पाहून धर्मही.

या पोथ्या गोळा केल्या अब्दुल करीम साहित्यविशारद (१८७१–१९५३) यांनी. घरोघर फिरून, हिंदू-मुसलमान दोन्ही कवींच्या. हिंदू घरांत पोथीची पूजा व्हायची, त्यांना शिवू देत नसत. मग घरातलं कोणी पानं उलगडून धरायचं आणि हे लांबून पाहून टिपणं घ्यायचे. विचार करा, अशा अवस्थेत माणूस दुसऱ्याचं काव्य जपतो!

शेवटी त्यांच्या संग्रहातल्या मुसलमान कवींच्या पोथ्या ढाका विद्यापीठात गेल्या, हिंदू कवींच्या राजशाहीच्या वरेंद्र संग्रहालयात. पोथ्या जपल्या गेल्या, हे मोठंच काम. पण वाचणाऱ्याने ही वाटणी मनात धरली, तर आलाओल हातातून निसटतो. संस्कृत काव्यशास्त्र आणि सूफी कथा त्याच्या एकाच ओळीत नांदतात. ती ओळ कुठल्या कपाटात ठेवणार?

तेव्हा 'पद्मावती' मिळाली तर मोठ्याने वाचा, चारजणांत. ती तशीच कळते.