हुंकार कोण देणार? : अद्भुत लिहिणारा एकटा लेखक

मागे बसलेल्यांना आवाज येतोय ना? बरं.

आजचा विषय ठरला तेव्हा आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांनी विचारलं, "कर्जतमध्ये अद्भुत कादंबऱ्या कोण लिहितं हो? इथं माणसानं टँकरची वाट बघायची का राक्षसाची?" (हशा) हसण्यासारखंच आहे, पण हा प्रश्न मराठीत दीडशे वर्षं जुना आहे. १८६८ साली 'मंजुघोषा' ही कादंबरी आली. तिचे लेखक नारो सदाशिव रिसबूड यांनी प्रस्तावनेत कबुलीच दिली होती. त्यांच्या म्हणण्याचा मतितार्थ असा, की आपल्या लोकांच्या रोजच्या आयुष्यात मनोरंजक असं काही घडत नाही. जसंच्या तसं लिहिलं तर कुणी वाचणार नाही, म्हणून अद्भुताचा आसरा घ्यावा लागतो.

आम्हाला हे पटत नाही. आपल्या तालुक्याकडेच बघा. राशीनच्या देवळातली दीपमाळ हलते, ती बघायला लांबून माणसं येतात. रेहेकुरीला दोन चौरस किलोमीटरच्या माळावर काळवीट उड्या मारतात. सिद्धटेकच्या कथेत साक्षात विष्णू मधु-कैटभांशी लढून थकतो आणि विजयासाठी त्याला भीमेकाठी येऊन तप करावं लागतं. आणि उजनीचं पाणी उतरलं की पलीकडे इंदापूर तालुक्यात पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर येतं. तेव्हा अडचण सामग्रीची नाही. अडचण कशाची आहे, ते सांगण्यासाठी आज उभे आहोत. पण त्याआधी आमचीच एक चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका वाचनालयाच्या पुस्तक-निवडीचं काम बघत होतो. भीमाकाठच्या एका गावचा तरुण स्वतः छापलेली कादंबरी घेऊन आला. दोनशे प्रती काढल्या होत्या. मुखपृष्ठावर पाण्याखालचं शहर. आम्ही प्रत उलटून मागची बाजू बघितली, प्रकाशक म्हणून लेखकाचंच नाव दिसलं. "ठेवून जा, कळवतो," म्हणालो. कळवलं नाही. पुस्तक उघडलंसुद्धा नाही. पुढे एका पावसाळ्यात कपाट आवरताना ते हाताला लागलं आणि एका बैठकीत अर्धं वाचून झालं.

त्या कादंबरीत धरणाखाली बुडालेल्या गावांचा एक बाजार भरतो. तिथं पैसे चालत नाहीत. काही विकत घ्यायचं तर स्वतःची एक आठवण द्यायची. तिसऱ्या प्रकरणात नायक एक कंदील घेतो आणि मोबदल्यात आईचा आवाज देऊन टाकतो. वर आल्यावर आई बोलत असते, त्याला शब्द कळतात, पण हा आवाज कुणाचा हे ओळखू येत नाही. आम्ही तिथं पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. धरणग्रस्तांवर पुष्कळ वाचलंय, पण काय गेलं हे असं कुणी दाखवलं नव्हतं.

आणि एकोणिसाव्या प्रकरणात तोच नायक त्याच बाजारातून अख्खी सेना घेऊन येतो. फुकट! एकही आठवण न देता. तिथून पुढे लढाया, विजा, तलवारी. कादंबरी तिथं मेली.

आम्ही त्याला शोधून काढलं. आधी माफी मागितली, मग विचारलं, "एकोणिसाव्यात किंमत का नाही रे द्यावी लागली?" तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, लक्षातच आलं नाही." आम्ही म्हणालो, "छापण्याआधी कुणी वाचलं होतं?" तर म्हणाला, "टायपिंग करणाऱ्यानं."

आजचं सगळं व्याख्यान या एका उत्तराभोवती आहे.

आपल्याकडे गोष्ट सांगायची पद्धत काय होती? अंधारात आजी म्हणायची, "हुं म्हण." मूल हुं म्हणायचं. हुंकार थांबला की आजीला कळायचं, पोरगं झोपलं किंवा त्याला पटलं नाही. पटलं नाही तर ते उठून बसायचं आणि विचारायचं, "पण राजाला ठाऊक होतं ना, की ती राक्षसीण आहे?" आजीला तिथल्या तिथं दुरुस्ती करावी लागे. आपल्या श्रावणातल्या कहाण्या बघा. व्रत घ्यायचं, ते पाळायचं, उन्मत्त होऊन मोडलं की सगळं जायचं, पुन्हा पाळलं की परत यायचं. एकाही बाईला फुकट काही मिळत नाही. आमच्या मते पिढ्यान्‌पिढ्यांच्या हुंकारांनी घासून त्या कहाण्या इतक्या घट्ट झाल्या.

वास्तववादी कादंबरीत लेखक चुकला तर वाचकाचा अनुभवच त्याला पकडतो. कर्जतहून जामखेडला बोटीनं गेले असं लिहिलं तर शाळकरी पोरसुद्धा हसेल. अद्भुतात असा पंच नसतो. तिथले नियम लेखकानंच केलेले, मोडले तर ओरडणार कोण? म्हणून अद्भुत लिहिणाऱ्याला समोर बसून हुं म्हणणारा माणूस इतरांपेक्षा जास्त लागतो. आणि आजच्या परिस्थितीत तोच त्याच्या वाट्याला सर्वांत कमी येतो.

जुन्यांनी हे कसं निभावलं? नाथमाधव घ्या, म्हणजे द्वारकानाथ माधवराव पितळे. तरुणपणी शिकारीला गेले असताना कड्यावरून पडले, कमरेखालचं शरीर लुळं झालं. त्या अंथरुणावर त्यांनी वाचनाचा सपाटा लावला आणि मग लिहायला घेतलं. १९१३ साली 'वीरधवल' आली. तिला रेनॉल्ड्सच्या कादंबरीचा आधार होता. गो. ना. दातारांनीही रेनॉल्ड्सवर बेतून अद्भुतरम्य कादंबऱ्या लिहिल्या. समीक्षकांनी याबद्दल त्यांना बोल लावले. पण आम्हाला यात दुसरंही काही दिसतं. रेनॉल्ड्सच्या पुष्कळ कादंबऱ्या लंडनमध्ये पेनी-पेनीच्या साप्ताहिक भागांनी विकल्या जात. भाग कंटाळवाणा झाला तर पुढच्या आठवड्याची पेनी येत नसे. म्हणजे ते कथानक आधीच हजारो वाचकांच्या हुंकारातून गेलेलं होतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसानं तो हुंकार उसना आणला, असं आम्ही म्हणू.

रत्नाकर मतकरींनी वेगळी वाट काढली. १९५८ ते १९७८, अशी वीस वर्षं ते बँक ऑफ इंडियात नोकरीला होते. त्याच काळात गूढकथा लिहिल्या आणि पदरमोड करून 'बालनाट्य' ही संस्था चालवली. 'अलबत्या गलबत्या', 'निम्मा शिम्मा राक्षस' ही नावं तुम्हाला पाठ आहेत. बँकेच्या पगारानं त्यांना स्वातंत्र्य दिलं, हे खरं. पण शिस्त दिली ती समोरच्या खुर्च्यांवर बसलेल्या पोरांनी, असं आम्हाला वाटतं. मोठा प्रेक्षक कंटाळला तरी सभ्यपणे बसून राहतो. पोरगं नाटक चालू असताना मोठ्यानं म्हणतं, "आई, घरी चल." (हशा) याहून कडक संपादक कुठं मिळणार?

जयंत नारळीकरांचं उदाहरण तर प्रसिद्ध आहे. विज्ञानकथा ही अद्भुताची चुलत बहीण, म्हणून इथं चालेल. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग नाव उघड झालं. जगभर नाव झालेल्या माणसाला स्वतःचं नाव का लपवावंसं वाटलं? नावाला मिळणारी मान डोलावणी नको होती, कथेला मिळणारा हुंकार हवा होता.

उलट नारायण धारप बघा. शंभराहून जास्त पुस्तकं. आमच्यासारख्या मास्तरांनी वर्गात त्यांचं नाव काढलं नाही, आणि विद्यार्थी फिरत्या वाचनालयातून तीच पुस्तकं नेऊन रात्री पांघरुणात वाचत होते. त्यांची भीती उभी करण्याची ताकद विलक्षण होती. एखादा वाडा, एखादी खोली, एवढ्यावर ते अंगावर काटा आणत. पण 'समर्थ' मालिकेत एक कच्चेपणा आम्हाला जाणवतो. समर्थ येणार आणि निभावून नेणार हे वाचकाला आधीच ठाऊक असतं. किंमत कुणाला द्यावी लागत नाही, म्हणून भीती शेवटपर्यंत टिकत नाही. हे त्यांना गंभीरपणे सांगण्याचं काम समीक्षेचं होतं. आम्ही ते केलं नाही. लोकप्रिय आहे ना, मग त्याबद्दल काय बोलायचं, असं म्हणून मोकळे झालो. वाचक होते, हुंकार नव्हता.

बाहेरच्या जगातही हेच दिसतं. टोल्किन १९३७ पासून बारा वर्षं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहीत होते. ऑक्सफर्डमध्ये मित्रांच्या बैठकीत प्रकरणं वाचून दाखवायची आणि सी. एस. लुईससारख्या मित्रानं ऐकायची, अशी त्यांची पद्धत होती. क्रिस्तोफर पाओलिनीची 'एरागॉन' २००२ मध्ये घरच्यांनीच छापली होती. पोरगा वेषांतर करून शाळाशाळांतून पुस्तक विकत फिरला. पुढच्या वर्षी मोठ्या प्रकाशकानं ती घेतली, तेव्हा तिची काटछाट आणि संपादन झालंच.

आता आपला आजचा स्वतंत्र लेखक. त्याला दारं उघडी आहेत, हे नाकारू नका. आयएसबीएन क्रमांक सरकारी यंत्रणेकडून मोफत मिळतो. २०१६ पासून किंडलवर मराठी पुस्तक स्वतः टाकता येतं, मानधन ३५ किंवा अटी मान्य केल्या तर ७० टक्के. पारंपरिक प्रकाशक साधारण १० ते १५ टक्के देतो, म्हणून हा आकडा ऐकून पोरं हुरळतात. पण ७० टक्के कशाचे? वीस प्रती खपल्या तर वीस प्रतींचे. मग मुखपृष्ठ करणाऱ्याचे पैसे, टायपिंगचे पैसे, छपाई. विक्रेत्याचं कमिशन कापून हातात राहतं त्यातून एसटीचं भाडं निघालं तरी पुष्कळ. पुस्तकं घरात कॉटखाली, आणि बायको विचारते, हे गठ्ठे कधी हलणार? (हशा) हसू नका, आमच्याही कॉटखाली होते.

पैशाचं दुखणं आहेच. पण ते कवीलाही आहे, कथाकारालाही आहे. अद्भुत लिहिणाऱ्याचं खास दुखणं एकटेपणाचं. मोबाइलवर भाग टाकले की वाचक मिळतात, हजारो मिळतात. ते काय म्हणतात? "खूप छान! पुढचा भाग कधी?" हा हुंकार आहे का? आमच्या मते अर्धा आहे. त्यात उत्सुकता आहे, शंका नाही. "पुढे काय?" विचारणारे पुष्कळ, "पण असं कसं?" विचारणारा एकही नाही. रोज भाग द्यायचा म्हटल्यावर लेखकाला मागं वळून तिसरं प्रकरण बघायला सवड उरत नाही. मग एकोणिसाव्यात सेना फुकट येते.

स्वतंत्र लेखकाला प्रकाशकच पाहिजे, असं आमचं म्हणणं नाही. छापील नावाच्या प्रकाशकानंही न वाचता काढलेली पुस्तकं आम्ही पाहिली आहेत. स्वतंत्र याचा अर्थ कुणाची परवानगी लागत नाही, एवढाच असावा. कुणाचं ऐकावं लागत नाही, असा तो झाला की लेखन बिघडतं. आणि ऐकवणारे आपण आहोत. वाचनालयवाले, मास्तर, वाचक, तुम्ही. लेखक एकटा पडला यात त्याच्या हट्टाचा वाटा असेल, पण आमच्या न उघडलेल्या कपाटाचा वाटा मोठा आहे.

परवा तो तरुण भेटला होता. त्यानं एकोणिसावं प्रकरण पुन्हा लिहिलंय. सेना मिळवण्यासाठी नायकाला आता गावाची आठवण द्यावी लागते. सेना जिंकते, आणि कुणासाठी लढलो हेच त्याला आठवत नाही. आम्हाला ते आवडलं, पण सगळं पटलं नाही. गाव विसरलेला माणूस लढाई संपल्यावर घरी परत येतोच कसा? आम्ही विचारलं. तो वैतागला, वही पिशवीत टाकली आणि चहाही न घेता गेला. रात्री फोन आला, "सर, कंदील. कंदील अजून त्याच्याकडे आहे ना?" आम्ही म्हणालो, हुं.

आता शेवटचं. इथं बसलेल्यांपैकी कुणाच्या वहीत, कुणाच्या मोबाइलमध्ये असं काही लिहून पडलं असेल. लाजू नका. व्याख्यान संपल्यावर आम्ही तासभर इथंच आहोत. पाच-सहा पानं वाचून दाखवा. आम्ही ऐकू. जिथं पटेल तिथं हुं म्हणू, आणि जिथं पटणार नाही तिथं गप्प बसू. आमचा हुंकार थांबला की तुम्ही थांबा, आणि मागं जाऊन बघा काय सुटलंय.