‘बालकवी’ या नामाभिधानाचा समीक्षेवरील परिणाम

प्राचीन चीनमध्ये विसाव्या वर्षी टोपी-संस्कार होऊन पुरुषास दुसरे नाव मिळे. मूळ नाव वडीलधाऱ्यांनी घ्यावे, समवयस्कांनी हे आदरनाम वापरावे, असा संकेत होता. बाल्य संपल्याची ती खूण होय. मराठी काव्यात नेमके उलट घडले. केशवसुत, गोविंदाग्रज ही नावे कवींनी स्वतः धारण केली. त्र्यंबक बापूजी ठोंबरे (१८९०-१९१८) यांचे नाव मात्र इतरांनी दिलेले. १९०७ च्या जळगाव कविसंमेलनात ते ‘बालकवी’ ठरले आणि बाल्यच नावात कायम झाले.

अहमदनगरला रेव्हरंड टिळकांच्या घरी पुत्रवत राहिलेला हा कवी समीक्षेतही बहुधा बाळच राहिला. ‘फुलराणी’ आदर्श मानली गेली. ‘पारवा’, ‘खेड्यातील रात्र’ यांतील भयाण रितेपणाची नोंद झाली, पण अनेकदा कवीच्या हालअपेष्टांचा परिणाम म्हणून. काव्यदृष्टीचे अंग म्हणून कमीच. हे वाचन अपुरे आहे. आठ ओळींच्या ‘औदुंबर’मधील काळसर पाणी कोणत्याही निरागसतेत मावत नाही. तेथे पाहणारा प्रौढ आहे. त्याला ठोंबरे म्हणूनच वाचावे लागते.