घर जंगम, कर्ज स्थावर : बुगिस गावाविषयीच्या एका पुस्तकाची चिकित्सा

आज एका पुस्तकाच्या निमित्ताने बोलायचे आहे. क्रिस्तियाँ पेल्रास या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञाचे ‘द बुगिस’ हे इंग्रजी पुस्तक १९९६ साली आले. इंडोनेशियात सुलावेसी नावाचे मोठे बेट आहे. त्याच्या दक्षिण भागात बुगिस लोक राहतात. बोने, वाजो, सोप्पेंग ही त्यांची जुनी राज्ये. आम्हाला या पुस्तकाकडे एकच प्रश्न घेऊन जायचे आहे : शेती आणि मासेमारीवर जगणाऱ्या बुगिस गावात ‘हे माझे आहे’ या म्हणण्याचा अर्थ काय होतो? पेल्रास त्याचे जे उत्तर सुचवतात, ते कुठवर टिकते?

आधी पुस्तकाचे श्रेय मोकळेपणाने देऊ. युरोपीय लिखाणात बुगिस म्हणजे दर्यावर्दी, आणि पुष्कळदा चाचे, असेच चित्र होते. पेल्रास सांगतात की हा समाज मुळात भातशेती करणारा आहे. समुद्रावरची त्यांची ख्याती त्या मानाने अलीकडची. जहाजावरून नजर काढून त्यांनी ती भाताच्या खाचरावर आणि घराच्या खांबांवर आणली. हे काम मोठे आहे.

आता त्या घराकडे बघू. आपण मालमत्तेचे दोन भाग करतो, स्थावर आणि जंगम. घर अर्थातच स्थावरात. बुगिस घर मात्र या वाटणीत बसत नाही. ते उंच लाकडी खांबांवर उभे असते. वर माळ्यावर भात साठवायचा, मधल्या मजल्यावर माणसांनी राहायचे, खाली जनावरे, हातमाग, जाळी, अवजारे. लाकूड लाकडात खाचा पाडून बसवलेले असते, त्यामुळे घर सोडवता येते, पुन्हा जोडता येते. इतकेच काय, कधी कधी अख्खा गाव जमतो, बांबू आडवे बांधतो आणि घर उभेच्या उभे खांद्यावर घेऊन दुसरीकडे नेतो. आपल्याकडे घर फिरले की वासे फिरतात. तिथे घर फिरते आणि वासे जागच्या जागी राहतात! थोडक्यात, जमीन एकाची आणि तिच्यावरचे घर दुसऱ्याचे, यात तिथे कुणाला काही विचित्र वाटत नाही.

हे घर आणि जमीन कुणाकडे जाते? लग्नात नवऱ्या मुलाकडून ‘सोम्पा’ दिला जातो. तो वधूच्या दर्जाप्रमाणे ठरतो आणि तिच्या मालकीचा असतो. आज पुष्कळदा तो जमिनीच्या तुकड्याच्या रूपात देतात. लग्नानंतर नवरा बायकोच्या माहेरी राहायला जातो, हेही सर्रास दिसते. वारशाबद्दल तिथे एक प्रतिमा सांगतात. पुरुष खांद्यावर कावड घेतो, म्हणजे दोन ओझी. बाई डोक्यावर घेते, म्हणजे एक. म्हणून मुलाला दोन वाटे, मुलीला एक. इस्लामी वारसाहक्काचे प्रमाण असे शेतातल्या देहबोलीत उतरवलेले आहे. पण आईबाप हयात असतानाच मुलींना काही देऊन टाकतात, घर बहुधा मुलीकडे राहते, आणि कावडीचा हिशेब प्रत्यक्षात थोडा हलतो. बघा, ‘माझे’ म्हणण्यात तिथे आधीच किती नाती गुंतलेली आहेत.

ही नाती उलगडायला पेल्रास एक किल्ली देतात. बुगिस समाजात जन्माने ठरणारी उतरंड कडक आहे, आणि त्याच वेळी चढाओढही जबरदस्त आहे. या दोहोंना जोडतो तो आश्रयदाता आणि अनुयायी यांचा संबंध. मोठ्या माणसाने संरक्षण द्यायचे, अडीनडीला उभे राहायचे. धाकट्याने कामाला, लग्नकार्याला, भांडणाला त्याच्या बाजूने जायचे. हा संबंध मूलतः स्वेच्छेचा आहे. पटले नाही तर अनुयायी निघून जातो, दुसरा आश्रय शोधतो. अनुयायी गेले की मोठेपण गेले. म्हणून मोठ्यावरही वचक राहतो.

युक्तिवाद देखणा आहे. घर उचलता येते, तसे नातेही. पण आमची शंका इथेच सुरू होते. निघून जाण्याच्या स्वातंत्र्याला दोन आधार लागतात. एक, पायात बेडी नको. दोन, जायला जागा हवी.

पहिला आधार तपासू. किनाऱ्यावर नावेचा, जाळ्यांचा, भांडवलाचा मालक तो ‘पुंगावा’ आणि त्याच्या नावेवर जाणारे ते ‘सावी’. मासळीचे वाटे ठरलेले असतात. नाव, जाळे, इंजिन यांचेही वाटे निघतात आणि ते मालकाकडे जातात. मासे न मिळण्याच्या दिवसांत पुंगावा उचल देतो. ती उचल असेपर्यंत मासळी त्यालाच घालायची, बहुधा बाजारापेक्षा कमी भावाने. तेम्पे सरोवराकाठचेही बघा. पावसात पाणी पसरून शेजारची सरोवरे एक होतात, कोरड्या दिवसांत त्याच तळावर मका पिकतो. एकच जागा कधी शेत, कधी पाणी. हक्कही ऋतूप्रमाणे पालटतात. पण मासेमारीच्या काही जागांचा तिथे लिलाव होतो, आणि बोली लावायला रोकड लागते. ज्याच्याजवळ ती नाही, तो कुणाचा तरी मिंधा होतो. अशा माणसाचे घर सहज उचलता येईल. कर्ज उचलून नेता येत नाही. तेच त्याचे खरे स्थावर!

हे बुगिसांना ठाऊक नव्हते असे नाही. मकास्सरमधल्या वाजो व्यापाऱ्यांचा प्रमुख आमन्ना गप्पा याच्या नावावर १६७६ची सागरी व्यापाराची संहिता आहे. तिच्यात गलबताचे भाडे, खलाशांचे प्रकार आणि कर्ज यांचे नियम आहेत. ज्या समाजाने कर्जाला कायद्यात जागा दिली, त्याच्या वर्णनात कर्ज हे आश्रयाच्या नात्याचे एक उपांग म्हणून येऊ नये, मध्यभागी यावे, अशी आमची अपेक्षा आहे.

दुसरा आधार, जायला जागा. दारुल इस्लामच्या झेंड्याखाली गेलेले काहार मुझक्कर यांचे बंड १९५०पासून १९६५पर्यंत चालले. त्या धामधुमीत असंख्य कुटुंबे गाव सोडून गेली. काही मध्य सुलावेसीतल्या लिंदू सरोवराकाठी पोचली. तिथे त्यांनी खाचरे काढली, मासेमारी केली, पुढे कोकोही लावला. जॉन लॉक म्हणेल, श्रम मिसळले, जमीन तुमची. पण ती जमीन मोकळी नव्हती. लिंदू लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, त्यांचे स्वतःचे रिवाज होते. एकाच्या निघून जाण्याच्या स्वातंत्र्याचा खर्च दुसऱ्याच्या जमिनीवर पडला. हा खर्च बुगिसांच्या चरित्रात लिहायचा की लिंदूंच्या? आम्ही म्हणू, दोन्हीकडे लिहायला हवा. मालमत्ता हे जर नाते असेल, तर बाहेर ठेवलेला माणूसही त्या नात्यात असतोच.

मग पुस्तक बाजूला ठेवायचे का? मुळीच नाही. मालमत्तेमागे माणसे असतात, हे पेल्रास यांनी इतके नीट दाखवले म्हणून तर पुढचा प्रश्न विचारता आला. आमचे म्हणणे एवढेच की त्यांचे चित्र घराच्या मधल्या मजल्यावरून, पाहुण्यांच्या बैठकीतून काढलेले आहे. तिथून आश्रय दिसतो, मान दिसतो, चढाओढ दिसते. उचल घेतलेला सावी खाली, जाळी वाळत घातलेल्या जागेत बसलेला असतो.

आपण हे पुस्तक वाचाल तेव्हा एक कसोटी बरोबर ठेवा. ‘हा माणूस जाऊ शकतो’ असे वाक्य आले की थांबा आणि विचारा : किती देणे फेडून, आणि कुणाच्या जमिनीवर? आम्ही इथे थांबतो. प्रश्न जरूर विचारा.